तापीची खाडी कॉम्प्युटरमध्ये बसवताना

प्रश्न (शिरपूरहून, स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा): सर, मला प्रकल्पासाठी तापीच्या खाडीतल्या पाण्याच्या हालचालीचं कॉम्प्युटर मॉडेल करायचं आहे. गाइड म्हणतात, शिरपूरला बसून सुरतेची खाडी कशाला, इथलाच एखादा नाला घे. असं मॉडेल आतमध्ये नेमकं काय करतं? आपल्या खान्देशातल्या पाण्याचा त्या खाडीशी आता काही संबंध उरला आहे का? आणि मॉडेलच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा?

उत्तर:

मधल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुझ्या गाइडची शंका तिथेच आहे आणि विषय घ्यायचा की सोडायचा हेही तिथेच ठरेल.

तापीचं खोरं सुमारे 65,145 चौरस किलोमीटरचं. त्यातलं 62,225 चौरस किलोमीटर उकाई धरणाच्या वर येतं, म्हणजे जवळपास 95 टक्के. सुरतेजवळ समुद्राला मिळणारं गोडं पाणी बहुतांश उकाईतून सुटलेलं असतं, आणि उकाईत येणारं पाणी आपल्या अंगणातून जातं. चांगदेवला पूर्णा मिळते, मग वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, अरुणावती, बुराई, गोमाई. वाटेत हतनूरचं धरण आणि सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथली बॅरेज. उकाईचा फुगवटा तर थेट नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला आहे. तेव्हा संबंध आहे आणि तो मोठा आहे. फक्त तो सरळ नाही. 1972 मध्ये उकाई पूर्ण झालं, तेव्हापासून आपल्याकडचा पाऊस आणि खाडीतलं पाणी यांच्यामध्ये एक धरण, त्याचं वेळापत्रक आणि त्याची 345 फुटांची पूर्ण पातळी उभी आहे. शिरपूरजवळच्या सावळदे पुलाखालून आज गेलेलं पाणी खाडीत कधी पोचेल, हे नदीच्या उतारावर कमी आणि उकाईच्या दरवाजांवर जास्त ठरतं. त्याच्याही खाली काकरापारला कालव्यांसाठी पाणी वळतं आणि सुरतेत रांदेर-सिंगणपोरचा बंधारा आहे. पूर्वी भरतीचं खारं पाणी नदीत बरंच आत चढायचं, आता ते या बंधाऱ्याशी अडतं. तुझ्या मॉडेलचं वरचं टोक, निदान कोरड्या महिन्यांत, हाच बंधारा.

आता एक ढोबळ हिशेब कागदावरच करून बघ. कोणत्याही खाडीला हात घालण्याआधी मी तो करतो, आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी तूही करावास असा माझा आग्रह आहे. आकडे समजायला सोपे घेतो. समज, भरती पोचते तो नदीचा भाग 20 किलोमीटर लांब आहे, सरासरी रुंदी 800 मीटर आणि भरतीला पाणी 4 मीटर चढतं. गुणाकार केलास तर 6.4 कोटी घनमीटर पाणी येतं. एवढं पाणी समुद्राकडून सव्वासहा तासांत आत येतं आणि पुढच्या तेवढ्याच वेळात बाहेर जातं. सेकंदाला सरासरी 2,850 घनमीटर झाले. आता नदीकडे बघ. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरून समज 20 क्युमेक (सेकंदाला 20 घनमीटर) येत आहेत. भरतीच्या प्रवाहापुढे ते एक टक्कासुद्धा नाही. उलट ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेक (सेकंदाला 9 लाख घनफूट) सोडावे लागले आणि सुरत पाण्यात गेलं. 35.3 ने भागलंस की ते सुमारे 25,500 क्युमेक होतात. म्हणजे भरतीच्या सरासरी प्रवाहाच्या नऊपट.

एकाच खाडीत एका मोसमात नदी समुद्रापुढे नगण्य आणि दुसऱ्या मोसमात समुद्र नदीपुढे नगण्य. म्हणून ‘तापीच्या खाडीचं मॉडेल’ असा विषय लिहून चालणार नाही. कोणत्या महिन्याचं मॉडेल, कशासाठी, हे पहिल्या पानावर लिहिलेलं हवं.

त्यातही एक खोच आहे. उन्हाळ्यातले ते 20 क्युमेक पातळीच्या दृष्टीने नगण्य असले, तरी खारेपणाच्या दृष्टीने सगळं त्यांच्यावरच ठरतं. 20 क्युमेक म्हणजे दिवसाला 17.28 लाख घनमीटर. एका भरतीत जेवढं पाणी आत येतं तेवढं गोडं पाणी आणायला नदीला 37 दिवस लागतात. यावरून दोन गोष्टी कळतात. वरून येणारं पाणी कमी झालं तर त्याचा परिणाम खाडीच्या पातळीवर दिसणार नाही, खारेपणावर दिसेल, आणि तोही हळूहळू, काही आठवड्यांनी. दुसरी गोष्ट मॉडेल चालवणाऱ्यासाठी. पाण्याची पातळी आणि वेग दोन-तीन दिवसांच्या भरती-ओहोटीत रुळावर येतात, पण खारेपणा रुळायला मॉडेल एखाद-दोन महिने पळवावं लागतं. पहिल्या पंधरवड्यातले खारेपणाचे रंगीत नकाशे प्रबंधात लावलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात खाडी दिसत नाही, विद्यार्थ्याने सुरुवातीला भरलेला अंदाजच दिसतो.

नर्मदेचं उदाहरण यासाठीच लक्षात ठेव. ती आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या उत्तरेला, आणि सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं गेली ती नंदुरबारचीच. धरणाच्या खाली पाणी कमी सुटायला लागल्यावर भरूचजवळच्या खाडीत खारं पाणी वर चढलं आणि हिल्सा मासा धरणाऱ्यांचा धंदा बसत गेला. तिथे भाडभूतचा बंधारा बांधण्याची वेळ आली त्यामागे हा खारेपणाच आहे. खान्देशातल्या माणसाने खाडी का अभ्यासावी याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. धरणाच्या वरच्या अंगाला बुडालेलं गाव आणि खालच्या अंगाला खारावलेली खाडी ही एकाच निर्णयाची दोन टोकं आहेत. वरचं टोक आपण जवळून पाहिलेलं आहे.

आता मॉडेल आत काय करतं ते.

खाडीचा नकाशा चौकोनांत किंवा त्रिकोणांत कापायचा. प्रत्येक चौकटीत तीन-चार गोष्टींची नोंद ठेवायची: पाण्याची पातळी, दोन दिशांचे वेग आणि खारेपणा. मग दर काही सेकंदांनी प्रत्येक चौकटीला दोन प्रश्न विचारायचे. शेजारच्या चौकटींतून पाणी किती आलं आणि किती गेलं? फरक असेल तेवढी पातळी बदलेल. दुसरा प्रश्न: या पाण्याला ढकलतंय कोण आणि अडवतंय कोण? पातळीचा उतार ढकलतो, वारा ढकलतो, पृथ्वीच्या फिरण्याने प्रवाह उजवीकडे कलतो, तळ घासून अडवतो. बेरीज-वजाबाकी करून नवा वेग काढायचा आणि पुढच्या क्षणाला जायचं. उथळ पाण्याची समीकरणं म्हणून तू जी शिकलीस ती एवढंच सांगतात.

ही पायरी किती सेकंदांची घ्यायची, यात मनमानी चालत नाही. भरतीची लाट खोलीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने पळते. 40 मीटर खोलीत सेकंदाला सुमारे 20 मीटर, 10 मीटर खोलीत सुमारे 10 मीटर. एका पायरीत लाटेने एक चौकट ओलांडून पुढे जाता कामा नये, हा नियम कूराँ, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी 1928 मध्येच सांगून ठेवला. नदीमुखात 50 मीटरची चौकट घेतलीस तर पायरी 5 सेकंदांच्या आत. एका महिन्यासाठी पाच लाखांवर पायऱ्या झाल्या, आणि प्रत्येक पायरीत सगळ्या चौकटी. चौकट निम्मी केलीस तर चौकटींची संख्या चौपट आणि पायऱ्या दुप्पट, म्हणजे काम आठपट. हा नियम सैल करणाऱ्या गणिती पद्धती आहेत. जान लेंडर्ट्सेंनी 1967 मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेत मांडलेली पद्धत त्यातलीच, आणि आजच्या कितीतरी मॉडेलांत तिचा वंश चालू आहे. पण पायरी मोठी घेतली की उत्तर बोथट होतं. कॉम्प्युटर तक्रार करत नाही म्हणून उत्तर बरोबर आहे असं समजू नकोस.

तुझ्या लॅपटॉपवर हे होईल. समुद्रात किलोमीटर-दोन किलोमीटरचे त्रिकोण, नदीत शिरता शिरता 50 मीटरचे, अशी जाळी केलीस तर महिनाभराचं द्विमितीय गणित (खोलीभर एकच सरासरी वेग धरणारं) रात्रीत उरकतं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. नेदरलँड्सचं डेल्फ्ट-थ्रीडी आणि फ्रान्सचं टेलिमॅक दोन्ही खुले आहेत आणि दोन्ही या कामाला पुरून उरतात. डेन्मार्कचं माइक चांगलं आहे, पण परवाना महाग. हेक-रास हे नदीच्या पुराचं सॉफ्टवेअर तुला येतं असं धरतो. पुराच्या पातळीसाठी ते चालेल, पण गोड्या-खाऱ्या पाण्याच्या घनतेचा खेळ त्यात येत नाही. यापलीकडे सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नकोस. दोन चांगल्या सॉफ्टवेअरना सारखीच माहिती दिली तर ती जवळजवळ सारखंच उत्तर देतात. फरक पडतो तो माहितीने.

आणि इथे मी माझं मुख्य म्हणणं मांडतो. खाडीच्या मॉडेलचं उत्तर त्याच्या पोटात तयार होत नाही, ते त्याच्या कडांवर ठरतं. एक कड समुद्राची: तिथे भरती किती आणि कधी. एक कड नदीची: तिथे विसर्ग किती. तिसरी कड खाली, तळाची. या तीन कडा तू भरतेस, मधलं सगळं कॉम्प्युटर भरतो. कडा खऱ्या असतील तर साधं मॉडेलही कामाचं उत्तर देतं, आणि खोट्या असतील तर जगातलं सगळ्यात देखणं मॉडेल खोटं बोलतं.

आधी समुद्राची कड. खंबातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. मुंबईला उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक, तर भावनगरला दहा मीटरच्या वर. एवढी उंची येते कुठून? निमुळत्या आकारामुळे पाणी दाटतं हे एक कारण. दुसरं कारण तालाचं. पाणी भरलेलं घंगाळ नेमक्या ठेक्यात हलवलं तर थोड्या जोरात पाणी काठावरून उसळतं, तसं हे आखात समुद्राच्या साडेबारा तासांच्या ठेक्याला दाद देतं. हिशेब बघ: 20 मीटर खोलीत लाट सेकंदाला 14 मीटर जाते, 12.42 तासांत सुमारे 625 किलोमीटर, आणि त्याचा चौथा हिस्सा दीडशे किलोमीटरच्या आसपास. आखाताची लांबी या मापाच्या जवळपास आहे.

मग कड कुठे घ्यायची? सोय बघायची तर हजिऱ्याच्या समोर, नदीच्या तोंडाशीच. तिथली भरती तक्त्यात मिळते आणि मॉडेल लहान राहतं. आजच्या खाडीचं वर्णन करायचं असेल तर ते चालेलही. पण ‘इथे काही बांधलं तर काय होईल’ हा प्रश्न आला की ती कड घातकी ठरते. आखात अडवून गोड्या पाण्याचा जलाशय करायचा कल्पसर प्रकल्प कित्येक वर्षं चर्चेत आहे. त्याचं मॉडेल करताना कोणी समुद्राची कड बांधाच्या जवळ घेतली आणि तिथे आजचीच भरती भरली, तर मॉडेल सांगेल की बांधाबाहेर भरतीत फारसा फरक पडत नाही. पडणार कसा? फरक पडणार नाही असं आपणच कडेवर लिहून दिलं. आखाताची लांबी बदलली की त्याचा ताल बदलतो, आणि तो बदल कडेपलीकडेही जातो. म्हणून कड दूर, खोल समुद्रात घ्यायची, जिथे आत काहीही केलं तरी भरती तीच राहील.

हे नवं शहाणपण नाही. नेदरलँड्समध्ये झाउडरझे हा समुद्राचा फाटा बांध घालून बंद करायचं ठरलं तेव्हा बाहेरच्या किनाऱ्यावर भरती वाढेल का, हे काढायला 1918 मध्ये समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्त्झ. आठ वर्षं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हाताने गणितं केली. खाड्यांचं जाळं कागदावर मांडलं, तळाच्या घर्षणाचं अवघड पद सोपं करून घेतलं आणि सांगितलं की बांधाबाहेर भरती वाढेल. 1932 मध्ये बांध बंद झाला आणि भरती वाढली. कॉम्प्युटर नव्हता, पण कडा विचारपूर्वक घेतलेल्या होत्या.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात बांध घालून गोड्या पाण्याची तळी करायची रेबर योजना होती. ती तपासायला सॉसालिटोला 1957 मध्ये काँक्रीटचं प्रत्यक्ष मॉडेल बांधलं. आडवं माप हजारास एक, उभं माप शंभरास एक, आणि वेळही शंभरपट जलद, म्हणजे उपसागरातला एक दिवस मॉडेलमध्ये 14.4 मिनिटांत. पाणी सोडून बघितलं आणि योजना टिकणारी नाही हे दिसलं. चेसापीक उपसागरासाठीही 1970 च्या दशकात असंच अवाढव्य मॉडेल उभं राहिलं, पण तोवर कॉम्प्युटर पुढे निघून गेला होता आणि ते काही वर्षांतच बंद पडलं. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशी मॉडेलं पाहायला मिळतात. संस्था 1916 पासूनची आहे. जमलं तर परवानगी काढून जाऊन ये. भरती नदीत कशी शिरते हे एकदा पायाशी पाहिलं की पडद्यावरचे बाण वाचता येतात.

दुसरी कड नदीची, आणि ही तुझ्या हाताशी आहे. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रं बुऱ्हाणपूर, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा इथे आहेत, उकाईच्या खाली घाला इथे आहे. गिधाडे तर तुझ्या दारात. एकदा तिथे जाऊन उभी राहा. गेजच्या खुंट्या काठापासून पात्रात उतरत गेलेल्या दिसतील, प्रत्येकीवर मीटर आणि सेंटिमीटरच्या पट्ट्या. माणूस पातळी वाचतो, वहीत लिहितो. पूर असला की तासातासाला. पण वहीतला विसर्गाचा आकडा दर वेळी मोजलेला नसतो. वेग मोजून काढलेल्या जुन्या जोड्यांवरून एक वक्ररेषा बसवलेली असते आणि पातळीवरून विसर्ग तिच्यावर वाचतात. मोठ्या पुरात वेग मोजायला पात्रात कोण उतरणार? म्हणून वक्ररेषेचं सगळ्यात वरचं टोक हे बहुतेकदा खालच्या भागावरून पुढे ओढलेलं असतं. पुराच्या सगळ्यात महत्त्वाच्या आकड्याला सगळ्यात कमी आधार असतो, हे मॉडेलमध्ये तो आकडा भरताना डोक्यात हवं. त्यात सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा बॅरेजचे दरवाजे पावसाळ्यानंतर बंद झाले की त्यांच्या फुगवट्यात पातळी आणि विसर्गाचं नातंच मोडतं. बॅरेजच्या आधीच्या वर्षांची वक्ररेषा आजच्या डिसेंबरला लावू नकोस.

एककाचं प्रकरणही इथेच. ‘हतनूरचे 41 दरवाजे उघडले’ ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि विसर्ग क्युसेकमध्ये असतो. मॉडेल क्युमेक मागतं. 35 पटीची ही चूक वाटते तेवढी दुर्मीळ नाही.

तिसरी कड तळाची. इथे मी जरा थांबतो, कारण या खाडीत सगळ्यात जास्त मॉडेलं इथेच बिघडतात. समुद्रातली खोली तुला नौकानयनाच्या नकाशातून मिळेल. तिथला शून्य म्हणजे अगदी खालच्या ओहोटीची पातळी, कारण जहाजवाल्याला कमीत कमी पाणी किती ते हवं असतं. नदीचे छेद पाटबंधारे खात्याकडून मिळतील. त्यांचा शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी, जीटीएस बेंचमार्क म्हणजे सर्वेक्षणाच्या पक्क्या उंची-खुणांवरून आणलेली. या दोन शून्यांमध्ये मुंबईला अडीच मीटरच्या आसपास अंतर आहे. खंबातच्या आखातात आत जाल तसं ते वाढत जातं, कारण भरतीचा पल्लाच वाढत जातो. दोन्ही आकडे तसेच एका फाइलमध्ये घातले तर हजिऱ्यापाशी तळाला कित्येक फुटांची पायरी तयार होते. मॉडेल तिच्यावरूनही पाणी वाहवतं, काही बोलत नाही. म्हणून पहिलं काम हे कर: प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या शून्यावरून मोजला ते लिही, सगळे एका शून्यावर आण, आणि नदीच्या मध्यरेषेवरून समुद्रापर्यंत तळाचा एक उभा छेद काढून डोळ्यांनी बघ. त्यात अशी पायरी दिसली तर पुढे जाऊ नकोस. शिवाय आखातातल्या गाळाच्या दांड्या सरकत राहतात. नकाशा कोणत्या वर्षीचा, हेही लिही.

आता द्विमितीय की त्रिमितीय? विद्यार्थी त्रिमितीयकडे धावतात, कारण ते भारदस्त वाटतं. प्रश्नावरून ठरव. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. दहा मीटर खोलीवर त्याचा दाब 25 सेंटिमीटर जास्त पाणी असल्यासारखा. भरती दर सहा तासांनी दिशा बदलते, हा दाब मात्र सतत एकाच दिशेने, समुद्राकडून नदीकडे ढकलतो. म्हणून चेसापीकसारख्या खाडीत तळाजवळचं खारं पाणी सावकाश आत सरकतं आणि वरचं गोडं पाणी बाहेर जातं. हा निव्वळ प्रवाह भरतीच्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला, तरी महिन्याभरात गाळ, मासळीची अंडी, सांडपाणी कुठे जाणार हे तोच ठरवतो. तिथे त्रिमितीय मॉडेलला पर्याय नाही. खंबातच्या आखातात भरती इतकी दांडगी की वरचं-खालचं पाणी घुसळून एक होतं. कोरड्या महिन्यांत तापीच्या तोंडाशी सरासरी खोलीचं द्विमितीय मॉडेल बहुतेक प्रश्नांना पुरतं. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीत, आणि पावसाळ्यात मध्यम विसर्ग असताना, थर पडू शकतात. तेव्हाचा खारेपणा हा तुझा विषय असेल तरच त्रिमितीयकडे जा.

शेवटचा प्रश्न विश्वासाचा. मॉडेल आणि मोजमाप यांची तुलना करताना सगळे उंचीकडे बघतात. तू आधी वेळेकडे बघ. मॉडेलची भरती मोजलेल्यापेक्षा लवकर येत असेल, तर तुझा तळ खऱ्यापेक्षा खोल आहे किंवा घर्षण कमी धरलंय. उंची जुळवायला चुकीचे मार्ग पुष्कळ असतात, उंची आणि वेळ दोन्ही एकदम जुळवायला फार थोडे. मग मॅनिंगचा एन, म्हणजे तळ किती खडबडीत ते सांगणारा आकडा. चिखल-वाळूच्या खाडीत तो 0.02 ते 0.03 च्या दरम्यान बसतो. तुला जुळवाजुळवीसाठी 0.012 करावा लागला, तर तू खाडीचा तळ काचेचा केलास असा अर्थ. एन पूर्ववत कर आणि तळाच्या नकाशाकडे परत जा. एकेका तुकड्याला वेगळा एन देऊन रेषा तंतोतंत बसवणं सोपं आहे. असं बसवलेलं मॉडेल त्या पंधरवड्यापुरतंच खरं असतं. म्हणून एका काळावर जुळव आणि हात न लावता दुसऱ्या काळावर तपास: जानेवारीवर जुळवलं तर एप्रिलवर, उधाणावर जुळवलं तर भांगावर.

जुळलं तरी मॉडेलला कोणता प्रश्न विचारायचा, हे महत्त्वाचं. ‘अमुक तारखेला सुरतेजवळच्या मगदल्ल्याला खारेपणा किती असेल’ याचं त्याने दिलेलं उत्तर मी सावधपणे घेईन. ‘विसर्ग 20 ऐवजी 60 क्युमेक केला तर खाऱ्या पाण्याची हद्द किती मागे सरकेल’ याचं उत्तर मी बऱ्याच भरवशाने घेईन. कडांमधल्या चुका दोन्ही वेळा साधारण सारख्याच असतात आणि दोन निकालांच्या वजाबाकीत त्यांचा बराचसा भाग गळून जातो. पुराचा आणि उधाणाचा मेळ बघायचा असेल तरीही हीच रीत: तोच विसर्ग एकदा उधाणावर, एकदा भांगावर सोड आणि फरक मांड. सुरतेला धोका कधी वाढतो हे त्या फरकातून दिसतं.

तुझ्या प्रकल्पासाठी मी असं सुचवेन. विषय फेब्रुवारी ते मे या काळातल्या खारेपणापुरता ठेव. वरची कड सिंगणपोरचा बंधारा, समुद्राची कड दमणच्या बरीच दक्षिणेला खोल पाण्यात. तिथली भरती जागतिक भरती-मॉडेलमधून घे. टीपीएक्सओ किंवा एफईएस यांपैकी कोणतंही चालेल, आणि किनाऱ्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांशी ताडून बघ. तीन धावा कर: विसर्ग शून्य, 20 आणि 60 क्युमेक. प्रत्येक धाव दोन महिन्यांची, पहिला महिना टाकून द्यायचा. सोबत एक स्वतंत्र प्रकरण खान्देशावर लिही: सावखेडा, गिधाडे आणि सारंगखेड्याच्या नोंदींवरून उकाईत कोरड्या महिन्यांत किती पाणी येतं, ते 1972 पासून कसं बदललं आणि बॅरेज झाल्यावर काय झालं. इंडिया-डब्ल्यूआरआयएस पोर्टलवर या केंद्रांचा विसर्ग पाहायला मिळतो. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत जिथे आकडा आठवडाभर जसाच्या तसा राहिलेला दिसेल, तिथे तो मोजलेला आहे की कालचाच पुढे ओढलेला, हे केंद्रावर जाऊन वहीत बघ. तुझ्या गाइडना हे प्रकरण आधी दाखव. एखाद्या नाल्यापेक्षा इथे खान्देशाचं काम कमी नाही, हे त्यांना त्यातून पटेल. आणि ते शिरपूरला बसूनच होणार आहे.